मारिसेल जिथं थांबते

—नाही नाही, बसा हो, उठू नका माझ्यासाठी, मला एवढी सावली पुरे. उलट मीच तुमच्या झाडाखाली घुसलेय. ती निळ्या रिबिनीवाली तुमची नात ना, डावीकडची? गिरकी घेताना पडता पडता वाचली, पण हसली किती गोड — टाळ्या त्या हसण्याला पडल्या, गिरकीला नाही, सांगा तिला. आता कपडे बदलून, बटाटा भरलेल्या पिरोगीच्या रांगेत उभं राहून ती परत येईपर्यंत तुम्ही इथंच, म्हणजे आमचा बँड काही तुमच्या नशिबातून चुकत नाही. आमचा म्हणजे — आमचा नाही. सवयीनं म्हणते. स्नो फेन्स. ऐकलंय नाव? नाही? विनिपेगात राहून नाही? चालेल, त्यात काय, माझ्या सख्ख्या बहिणीनं नाही ऐकलेलं. नाव मात्र तिचं घेऊन मी फिरते. ते राहू दे. हे औषध लावा हाताला, डास फाडून खातील नाहीतर.

ते बघा, तारा जुळवतायत. तो उंच, पाठीत वाकलेला, तो ड्वेन, बास वाजवतो. माइकशी चष्मा पुसतोय तो लॉयड. आणि ती बारकीशी, लाल बुटांतली — ती मारिसेल. तिच्याकडे लक्ष ठेवा. कसं वाजवतात म्हणून विचाराल तर — नाही विचारलंत, तरी सांगते — रॉकच, पण रेडिओवर लागतं त्यातलं नाही. दणदणाट आहे, पण तो उशिरा येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं यांना वाजवता येत नाही. लॉयड गातो कुठं, वाण्याची यादी वाचावी तसं बोलतो — लोणी, मीठ, खिडकीवरचं दव, तू गेलीस तो मंगळवार — सगळं एका सुरात, आणि मग कुठल्या तरी एका शब्दावर आवाज फाटतो, आणि तुमच्या लक्षात येतं की हा मघापासून रडू आवरत होता. ड्रमवाला नेहमी केसभर मागं. ठोका येणार म्हणून तुम्ही पाय उचलता, तो येत नाही, येत नाही, मग येतो आणि पाय आपोआप पडतो. ड्वेनचा बास तर कानानं ऐकायचाच नाही, बरगड्यांनी ऐकायचा. आणि गिटार — गिटारच्या तारा त्यांनी मुद्दाम सैल ठेवलेल्या असतात, एक सूर धरतात, सोडतच नाहीत, तो अँप्लिफायरमधून फिरून परत येतो आणि स्वतःवरच आदळतो, कण्हतो — मार्चमध्ये नदीवरचा बर्फ कण्हतो ना, पुलावर उभं राहिलं की पायाखालून — तसा. हसू नका, खरंच तसा.

आणि रेकॉर्ड ऐकून यांना जोखू नये कुणी. रेकॉर्डवर ते इस्त्री केल्यासारखे वाटतात. समोर ऐकायचं यांना. मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या युक्रेनी चर्चच्या तळघरात. मी कोबीच्या गुंडाळ्या वाढायला गेले होते, गाणं ऐकायला नव्हे. बाहेर उणे तीस, दाराशी बुटांचा हा ढीग, आत इतकी माणसं की छतावरून आमच्याच श्वासांचं पाणी ठिबकत होतं. आणि ही चार पोरं, आईनं विणलेले स्वेटर घालून, कुणाकडे न बघता वाजवतायत. माझ्या हातात परात होती. तशीच उभी राहिले. फादर मायकल माझ्या हातातून परात काढून घेत म्हणाले, ‘लेसिया, गुंडाळ्या गार झाल्या गं बाई.’ घरी चालत गेले तेव्हा कानात शिट्टी वाजत होती, आणि बर्फावर इतकी शांतता की ती शिट्टीसुद्धा मला त्यांचंच गाणं वाटली. तेव्हापासून — तीस वर्षं झाली. आज त्याचाच कार्यक्रम आहे ना, तीस वर्षांचा. भिंतीभिंतींवर कागद लागलेत. पेपरातही आलं होतं.

सुरू झालं बघा. हे नवीन आहे, यावर बोललं तरी चालतं. ते गाणं आलं की मात्र मी बोलणार नाही हं, आत्ताच सांगून ठेवते. ‘बर्फ सुटताना’. ते शेवटी घेतात. साधंच आहे — नदीचा बर्फ फुटतो, एवढंच. पण त्यात एक वळण आहे. सगळे एकदम थांबतात, एकटी गिटार उरते, एक सूर — तो चढतो, थरथरतो, आणि वळणापाशी येऊन — थांबायचं. तिथंच तर आहे सगळं. थांबायचं. इतकं की ऐकणाऱ्याला वाटावं आता विसरले हे, आता फजिती. आणि मग सगळे मिळून कोसळतात, बर्फ फुटल्यासारखे. मारिसेल थांबते. कशी थांबते! मी पहिल्यांदा तिला ऐकलं तेव्हा — पन्नाशीला आलेली बाई मी, अनोळखी माणसाची बाही घट्ट धरून उभी. इतकी वर्षं मी ते गाणं ऐकत होते आणि मला ठाऊकच नव्हतं की मी वाट बघतेय. कशाची, तर त्या थांबण्याची. कारण कोर्नी कधी — कोर्नी घाई करायचा.

कोर्नी म्हणजे यांचा पहिला गिटारवाला. ते गाणं त्याचंच. तो सूर त्यानंच शोधला, तळघरात, फ्यूज उडवून उडवून. हो. नवरा माझा. आता कळलं ना, ‘आमचा’ का म्हणाले ते? कुठंय? इथं नाही. घरी आहे. छपराच्या पन्हळी साफ करतोय शिडीवर चढून, या झाडांपलीकडे चार गल्ल्या. वारा तिकडेच वाहतोय आज, म्हणजे ड्वेनचा बास त्याला ऐकू जात असणार — असणारच. त्याला वाटतंय मी गिमलीला गेलेय, बहिणीकडे, ओरिसियाकडे. हे नाव घेऊन मी फिरते म्हणाले ना मघाशी. दर वेळी ओरिसियाचे गुडघे दुखतात. त्या गुडघ्यांवर मी ब्रँडनला जाऊन आले, सस्काटूनला जाऊन आले, एकदा तर चक्क अमेरिकेत, मिनियापोलिसला. सरहद्दीवरच्या माणसाला खरं काय ते सांगितलं मी, बँड ऐकायला चाललेय म्हणून. त्याला सांगता येतं. घरच्या माणसाला सांगता येत नाही. कारण आमच्या घरात तो बँड नाही. भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसता नाही. रेडिओवर लागला की कोर्नी उठतो, बटण फिरवतो, परत येऊन जेवायला बसतो. चांगला माणूस आहे हो. लोकांच्या घरात फर्नेस बसवतो, घर तापवायची. थंडीत कुणाची बंद पडली तर जेवणावरून उठून जातो. माझी आई शेवटची चार वर्षं आमच्याकडे होती, तिचे केस तो विंचरायचा. वाईट असता तर सोपं गेलं असतं मला.

का सोडला म्हणजे — मुलं झाली. लोकांना आम्ही तेच सांगतो. जुळी झाली, दौरे झेपेनात. लोकांना पटतं. खरं ते असं, की ड्वेन एकदा सरावाला त्याला म्हणाला, ‘कोर्नी, तू घाई करतोस. वळणाआधी जरा दम धर.’ झालं. दोघं मेनोनाइट पंथाचे, दोघांचे पणजे एकाच गावचे — भांडायला तोंड नाही आणि विसरायला मन नाही, अशी जात. कोर्नीनं गिटार पेटीत घातली, घरी आला, बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला. बर्फ वितळून पायाखाली तळं झालं. एक पोर माझ्या खांद्यावर, एक पाळण्यात. म्हणाला, ‘लेसिया, तू पहिल्या दिवसापासून ऐकतेयस. खरं सांग. मी घाई करतो का?’ मी म्हटलं, ‘अजिबात नाही. ड्वेनचे कान गेलेत.’

मग काय म्हणणार होते? दारात असा नवरा उभा! कुणीही हेच म्हटलं असतं. तुम्ही काय म्हटलं असतंत? दुसऱ्या दिवशी त्यानं बँड सोडला. मी किती विनवलं, रडले, अरे तुझ्यावाचून तो बँड मरेल. ते मात्र मनापासून, तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. आणि तो म्हणाला, ‘ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याबरोबर मी वाजवत नाही. तूच म्हणालीस ना.’ तूच म्हणालीस. मी हो म्हटलं असतं ना त्या दिवशी — रागावला असता, आठवडाभर बोलला नसता, आणि शिकला असता. कान होता त्याला. नुसता दम धरायचा होता हो, एका सुराचा दम. हे मी — हे मी कुणाला बोलले नव्हते. तुमच्या चेहऱ्याचा दोष आहे हा, अशा चेहऱ्याची माणसं बाकावर बसू नयेत.

टाळ्या वाजवा, संपलं ते. — हे जुनं, हे छान आहे. बघा ड्रमवाला. आत्ता. नाही — आत्ता! बघितलंत? तुमचा पाय हलला. मी बघितला, नाही म्हणू नका.

कुठं होते मी? नाही, कुठंच नव्हते. बँड मेला नाही, एवढंच. एक गिटारवाला आला, गेला, दुसरा आला, आणि मग ही मारिसेल. आई फिलिपिन्सहून आलेली, इथं कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. पोरीला ऐकू यायचं ते मशीन. म्हणते, मशीन थांबलं की आई उठणार हे कळायचं, म्हणून मला थांबणं ऐकू येतं. मला स्वतःच सांगितलं तिनं, सस्काटूनला, कार्यक्रमानंतर. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. म्हणाली, ‘हा सूर ज्यानं शोधला तो माणूस थोर आहे. भेटायचंय मला त्यांना.’ मी म्हटलं, हो का. एवढंच म्हटलं. हो का.

मग मागच्या आठवड्यात फोन आला. माझ्या फोनवर — ड्वेनचा. मी गाडीत होते. म्हणाला, ‘लेसिया, तीस वर्षं झाली. कोर्नीनं यावं आणि ते एक गाणं वाजवावं. त्याच्या हक्काचं आहे. मी विचारलं तर फोन आपटेल, तू विचार. नको असेल तर काही कळवूसुद्धा नको म्हणावं, मी समजून घेईन, पुन्हा विषय काढणार नाही.’ आवाज कापत होता हो त्याचा. एवढा ताडासारखा माणूस. मी म्हटलं, विचारते.

नाही विचारलं.

कारण आहे. ऐका तरी. त्याची दोन बोटं पत्र्यात सापडली होती, डाव्या हाताची, त्याला झाली बरीच वर्षं. थंडीत वळत नाहीत धड. आता एवढ्या गावासमोर उभं करायचं त्याला, आणि झाली फजिती तर? मनाला लावून घेणारा माणूस तो. म्हणून म्हटलं नकोच. त्याच्याच भल्यासाठी — तुम्ही काही म्हणालात का? नाही? मला वाटलं काही म्हणालात.

हो, आहे उन्हाळा. मला माहितेय उन्हाळा आहे.

बोटं वळतात हो त्याची. चांगली वळतात. पेपरात ते आलं ना कार्यक्रमाचं, त्या दिवसापासून तो तळघरात जायला लागला. म्हणे पाण्याचा पंप बघतो. मी कपड्यांची टोपली घेऊन जिन्याशी गेले तर आतून गिटार. हळू, अँप्लिफायर न लावता, नुसत्या तारा. नव्या तारा — जुन्यांचा आवाज असा नसतो, मला कळतं. रोज, हो. रोज जेवण झालं की पंप. आणि तेच गाणं. टोपली कुशीत धरून मी जिन्यावर बसायचे. काय सुरेख वाजवत होता! मी म्हटलं देवा, हे सगळं अजून आहे त्याच्या हातात. चढतोय सूर, थरथरतोय, मी श्वास धरून — आता थांब, आता थांब रे राजा — आणि आला की वळणावर. घाईनं. जसा तेव्हा यायचा तसाच.

परवा जेवताना बटाटा कुस्करत म्हणाला, माझ्याकडे न बघता, ‘कुणाचा फोन वगैरे आला होता का गं?’ मी म्हटलं, ‘चर्चमधून आला होता. बाजारासाठी केक मागतायत.’ तो म्हणाला, ‘बरं.’ नंतर पंप बघायला गेला नाही.

बघू नका असं माझ्याकडे. मला माहितेय काय केलं ते. ड्वेनला वाटतंय कोर्नी नाही म्हणाला. कोर्नीला वाटतंय त्याला कुणी बोलावलंच नाही. मधे मी. आणि कशासाठी? फजितीच्या काळजीनं? मला ते गाणं अख्खं हवं होतं, म्हणून. आज, इथं, तीस वर्षांच्या गर्दीत, मारिसेलच्या हातचं. माझ्या नवऱ्यानं ते मोडायला नको होतं मला. हे आत्ता कळलं, तुमच्यासमोर बोलताना — नाही, खोटं. जिन्यावरच कळलं होतं.

शू, ड्वेन बोलतोय. तो कधी माइकवर बोलत नाही. काय म्हणतोय? — ‘हे गाणं ज्याचं आहे त्याला आम्ही बोलावलं होतं. तो आला नाही. त्याचा राग मला मान्य आहे. चूक माझी होती. कोर्नी, तुझ्या नावानं.’ अरे देवा. वाजवतायत टाळ्या. सगळे वाजवतायत. मीही वाजवतेय, बघा — माझे हात बघा, वाजवतायत. चार गल्ल्या. वारा तिकडेच वाहतोय. भोंग्यातून बोलला तो, सगळ्या गल्ल्यांना ऐकू गेलं असेल. शिडीवर आहे हो तो.

फोन. कुठंय फोन — पिशवीत — थांबा. नाही, करतेच. जाऊ नका, बसा. … कोर्नी? मी. खाली उतर आधी शिडीवरून. उतरलास? … नाही, गिमलीला नाही. पार्कात. … हो. तू ऐकलंस? … खरंय ते. बोलावलं होतं. माझ्याकडे निरोप दिला होता ड्वेननं, मागच्या आठवड्यात. मी दिला नाही तुला. … नाही, तो खोटं बोलत नाहीये, मीच — कोर्नी? … ठेवला नाहीये, श्वास ऐकू येतोय. … हो, आहे मी. … का म्हणजे — तुझी बोटं, म्हटलं थंडीत — … हो. उन्हाळा आहे. माहितेय.

विचारतोय, खरं सांग. तसंच म्हणाला. अगदी तसंच, ‘लेसिया, खरं सांग.’ मी काय — सुरू केलं त्यांनी. हे तेच आहे. ‘बर्फ सुटताना’. आता मला बोलता यायचं नाही. कोर्नी, ऐक. मला सांगता येत नाही, ऐक तू. मी फोन वर धरते. … असा धरला की ऐकू जातं ना त्याला, पलीकडे? जातं ना? सगळे थांबले बघा. एकटी गिटार. ऐक रे. हे, कोर्नी. हे असं. चढतोय. आता वळण येईल —

…

किती थांबली! हो ना? याच्या आधी इतकी कधी थांबली नव्हती.

आणि मी ऐकलं नाही. हात वर धरून उभी होते आणि नुसती फोनकडे बघत होते. पहिल्यांदाच आयुष्यात नाही ऐकलं. … कोर्नी? कोर्नी, ऐकलंस?

ठेवला. आत्ता नाही, मघाशीच — फोनवर वेळ दिसतेय. ते कोसळायच्या आधी, तिच्या थांबण्यातच ठेवलेला दिसतोय. म्हणजे कळलं त्याला. कान आहे हो त्याला.

येईल? नाही येणार. मी जाते — नाही, मी कुठल्या तोंडानं — ती बघा तुमची नात, पिरोगी घेऊन, हात करतेय. जा तुम्ही. गार होतील. नाही, मला काही नको, पाणी नको, सोबतही नको. जा म्हटलं ना.